८२ बळी, पण कशातले?

(पत्र थोडक्यात देतेय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.)

बडोद्याच्या एक ताई लिहितात: आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती असतो. दरवर्षी नणंद ठाण्याहून दोन्ही मुलांना घेऊन येते, एक ४ वर्षांचा, एक ९ वर्षांची. यंदा तिकिटंही काढून झाली होती. मागच्या आठवड्यात फॅमिली ग्रुपवर कुठल्यातरी चॅनलची क्लिप आली, 'गुजरातमध्ये चांदीपुराचं थैमान, ८२ बळी, मृत्युदर ३३ टक्के' (चांदीपुरा म्हणजे मुलांच्या मेंदूपर्यंत जाणारा एक व्हायरस), आणि नणंदेनं तिकिटं कॅन्सल केली. सासरे (आम्ही त्यांना नाना म्हणतो) म्हणतात मीडियाला टीआरपी हवा असतो, १९९४ ला सुरतच्या प्लेगच्या वेळीही हेच केलं होतं. नवरा म्हणतो उलटं आहे, सरकार लपवतं, खरा आकडा दहापट असणार, कोविडमध्ये बघितलं ना. रोज जेवताना यावरून वाजतं. माझा ६ वर्षांचा मुलगा परवा विचारत होता, मी मरणार का. नणंदेला मी फोनवर म्हटलं अगं एवढं काही नाहीये, तर ती म्हणाली, 'हेच सगळ्यांनी मला २०२१ मध्ये पण सांगितलं होतं.' तिचे सासरे तेव्हा गेले. मी कोणाचं खरं मानू, आणि तिला यायचा आग्रह करू की गप्प बसू?

ताई,

आधी ती क्लिप बघू. त्यातले आकडे तुम्ही जसेच्या तसे लिहून पाठवलेत हे फार बरं केलंत, कारण ८२ आणि ३३ टक्के ही जोडी माझ्या ओळखीची आहे आणि ती यंदाची नाहीच. जून २०२४ च्या सुरुवातीपासून १५ ऑगस्ट २०२४ पर्यंतचे हे आकडे, केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं दिलेले, जागतिक आरोग्य संघटनेनं २३ ऑगस्टला आपल्या माहितीपत्रकात घेतलेले. म्हणजे कोणीतरी जुनी क्लिप पावसाळा आला म्हणून परत सोडली आणि ती फिरत फिरत ठाण्याला पोचली. मुद्दाम केलं असेल असंही नाही, लोक काळजीपोटीच फॉरवर्ड करतात, आणि क्लिपमधली अँकर 'आज' म्हणाली की ऐकणाऱ्याला तो आजचाच दिवस वाटतो.

पण समजा ती क्लिप अगदी त्याच आठवड्यातली असती, तरी तिच्यात घोळ होताच, आणि हा घोळ जरा नीट बघण्यासारखा आहे कारण दर साथीत तो होतो.

पूर्ण आकडे असे होते. मेंदूज्वराच्या, डॉक्टर लोक ज्याला एईएस म्हणतात त्याच्या, केसेस २४५. त्यात मृत्यू ८२. या २४५ पैकी लॅबमध्ये चांदीपुरा व्हायरस पक्का सापडला तो ६४ जणांत, त्यातले ६१ गुजरातचे आणि ३ राजस्थानचे. आता 'चांदीपुराचे ८२ बळी' हे परत वाचा. ज्या आजाराचे पक्के पेशंटच ६४, त्यात ८२ माणसं जातील कशी? एईएस म्हणजे काही एकच आजार नव्हे. ताप आला, झटके आले, मूल गुंगीत गेलं, बरळायला लागलं, अशी लक्षणं असली की कारण कळायच्या आधी त्या पेशंटची नोंद एईएस म्हणून होते. मग कारण जपानी मेंदूज्वर निघू शकतं, हर्पीस निघू शकतं, स्क्रब टायफस निघू शकतं, चांदीपुरा निघू शकतं, आणि पुष्कळदा काहीच सापडत नाही. ८२ भागिले २४५ केलं की ३३ टक्के येतात, गणित चोख आहे, फक्त तो मेंदूज्वराच्या सगळ्या पेशंटांचा दर आहे आणि क्लिपवर नाव लागलं चांदीपुराचं.

मी काही वर्षं पेपरच्या डेस्कवर बसलेय म्हणून सांगते, यात दरवेळी बदमाशी नसते. रिपोर्टरच्या कॉपीत 'संशयित' हा शब्द असतो. हेडिंग मात्र ठरलेल्या जागेत बसवायचं असतं आणि जागा कमी पडली की पहिला उडतो तो 'संशयित'च. संध्याकाळी जिल्ह्याचा आरोग्य अधिकारी एक आकडा देतो, हॉस्पिटल दुसरा देतं, गांधीनगरहून तिसरा येतो, प्रत्येकाची मोजायची वेळ वेगळी, कोणी संशयित धरलेले कोणी नाही, आणि अंक छपाईला सोडायची वेळ तर कोणासाठी थांबत नाही. शिवाय सँपलचा रिपोर्ट येईपर्यंत दोन-चार दिवस जातात. मूल गेलं त्या दिवशी पहिल्या पानावर 'चांदीपुराचा आणखी एक बळी', आणि नंतर रिपोर्ट निगेटिव्ह आला तर ती बातमी आतल्या पानावर चार ओळींत, आली तर. हे मला तेव्हाही खटकायचं, आताही खटकतं.

एक खास आपल्या गावची गोष्ट. 'बडोद्यात चांदीपुराचे पेशंट' अशी बातमी आली की नणंदेला वाटणार तुमच्या गल्लीत आजार आलाय. पण सयाजी हॉस्पिटलमध्ये कुठून कुठून लोक येतात ते तुम्हाला माहितीय, पंचमहाल, दाहोद, छोटा उदेपूर, पार मध्य प्रदेशाच्या हद्दीतूनही. खेड्यातलं मूल झटके येऊन इथं दाखल होतं, दुर्दैवानं इथंच जातं, आणि बातमीत गाव लागतं बडोदा. हॉस्पिटल कुठं आहे हे कळलं, डास की माशी कुठं चावली ते नाही कळलं. तेव्हा बातमीत पेशंट मूळचा कुठल्या तालुक्यातला आहे ते शोधायचं, बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या ओळीत असतं, हेडिंगमध्ये कधीच नसतं.

आणि तो एकूण आकडा! तो कधी खाली येत नाही, येऊच शकत नाही, कारण कालपर्यंतचे अधिक आजचे असाच तो बनतो. क्रिकेटमध्ये स्कोअरबोर्डावरच्या रन्स जशा कमी होत नाहीत तसं आहे हे, मॅच कुठं चाललीय ते कळायला रनरेट बघावा लागतो. २०२४ मध्ये १९ जुलैपासूनच मेंदूज्वराच्या रोजच्या नव्या केसेस उतरणीला लागल्या होत्या. पण एकूण आकडा ऑगस्टमध्येही वाढतच होता, त्यामुळे टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला साथ महिनाभर चढतेय असंच वाटत राहिलं. म्हणून 'एकूण किती' पेक्षा 'या आठवड्यात नवे किती, मागच्या आठवड्यात किती होते' हे विचारावं.

तसंच '२४ तासांत इतके मृत्यू' हे. १० जून २०२१ ला देशात एका दिवसात ६,१४८ मृत्यू अशी बातमी होती, आठवत असेल, तोवरचा सगळ्यात मोठा आकडा. प्रत्यक्षात बिहारनं आधी मोजायचे राहिलेले जवळपास चार हजार मृत्यू एकदम त्या दिवसाच्या हिशेबात घातले होते. त्या २४ तासांत ते मृत्यू झाले नव्हते, कागदावर चढले होते.

आता तुमच्या घरातल्या वादाकडे येते. तुम्ही विचारताय कोणाचं खरं मानू, म्हणजे दोघांपैकी एक खोटा असणार असं तुम्ही धरून चाललाय. मला तसं दिसत नाही.

सासऱ्यांना सुरत आठवतंय ते बरोबरच आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये लाखो माणसं सुरत सोडून पळाली, मिळेल त्या गाडीनं, आणि त्यातली कितीतरी बडोद्यावरून गेली, त्या पिढीनं ते डोळ्यांनी बघितलंय. सुरुवातीला जे आकडे बोलले गेले, छापले गेले, त्यांच्या मानानं शेवटचा मृत्यूंचा आकडा शंभराच्याही आत निघाला. तेव्हा घबराट आजाराच्या कितीतरी पुढे पळते हा त्यांचा अनुभव आहे आणि तो खरा आहे.

पण नवऱ्याचंही चुकीचं म्हणवत नाही. एप्रिल २०२१ मध्ये 'संदेश' या गुजराती पेपरचे रिपोर्टर अहमदाबाद सिव्हिलच्या कोविड हॉस्पिटलबाहेर १७ तास उभे राहिले आणि बाहेर पडणाऱ्या डेड बॉडी मोजल्या, साठाहून जास्त भरल्या, आणि पूर्ण अहमदाबादचा सरकारी आकडा होता २०. मग 'दिव्य भास्कर'नं मृत्यूच्या दाखल्यांचा हिशेब काढला. १ मार्च ते १० मे २०२१ मध्ये गुजरातभर सुमारे १ लाख २३ हजार दाखले दिले गेले, आदल्या वर्षी त्याच दिवसांत सुमारे ५८ हजार होते, आणि त्या काळातले सरकारी कोविड मृत्यू चार हजारांच्या आसपास. पुढे केंद्राचे नोंदणीचे आकडे आले त्यातही २०२० मध्ये देशात ८१ लाखांच्या वर मृत्यूंची नोंद आणि २०२१ मध्ये १ कोटी २ लाख, म्हणजे एका वर्षात वीस लाखांहून जास्त वाढ. यातले सगळेच काही कोविडचे नव्हेत, नोंदणीही सुधारत चाललीय, पण देशाचा कोविड मृत्यूंचा सरकारी आकडा आजवरचा धरूनही साडेपाच लाखांच्या आतच आहे. नानांना हे जरूर सांगा, की ज्या मीडियाला ते फुगवणारा म्हणतात त्याच मीडियानं तेव्हा स्मशानात, हॉस्पिटलच्या दारात उभं राहून मोजणी केली. माझ्या मते आपल्याकडच्या पत्रकारितेतलं ते फार मोलाचं काम आहे.

मग नवऱ्याचं 'दहापट' का नाही मानायचं? कारण कोविडमध्ये आकडा कमी का निघाला त्याला कारणं होती. टेस्ट मिळत नव्हती, माणसं घरीच दगावत होती, आधीची शुगर-बीपी-किडनी असली की मृत्यू त्या खात्यात टाकला जायचा, आणि पेशंट लाखांनी होते. चांदीपुरात संशयित धरूनही पेशंट दोन-तीनशे, बहुतेक लहान मुलं, झटके येतात त्यामुळे आईबाप हॉस्पिटलला धावतातच, आणि संशयित मुलाचं सँपल पुण्याच्या एनआयव्हीला (राष्ट्रीय विषाणू संस्थेला) किंवा गांधीनगरच्या लॅबला जातं. इथंही काही सुटत असणारच, एखादं मूल दवाखान्यात पोचायच्या आधी गावातच जात असेल. पण किती सुटतात ते त्या त्या आजाराचं बघून ठरवायला लागतं, कोविडची पट उचलून इथं लावता येत नाही. आणि नाना जर '६ कोटींच्या गुजरातेत ६१ म्हणजे काहीच नाही' असं म्हणत असतील (म्हणत असणार!) तर तेही तेवढंच कच्चं आहे. हा धोका ६ कोटींत सारखा वाटलेला नसतो, तो पंधरा वर्षांच्या आतल्या मुलांवर आणि खेड्यातल्या मातीच्या घरांवर जास्त असतो. पंचमहालच्या एखाद्या गावातल्या आईला ६ कोटींनी भागून काय उपयोग.

नणंद हुशार असेल तर पुढचा प्रश्न विचारेल, की बरं, मग चांदीपुराचा स्वतःचा दर किती? तर खरं सांगा, लपवू नका. तो ३३ पेक्षा जास्तच सांगितला जातो, ५६ ते ७५ टक्के. २००३ च्या आंध्रच्या साथीत ३२९ मुलांपैकी १८३ गेली. आजार भयंकर आहे यात शंका नाही, लस नाही, नेमकं औषध नाही. फक्त इथंही कशापैकी ते बघायचं. हॉस्पिटलात पोचलेल्या, मेंदूपर्यंत आजार गेलेल्या मुलांपैकी हा दर आहे. साधा ताप येऊन घरीच बरी झालेली मुलं कोणी मोजलेलीच नसतात. 'मूल बडोद्याला आलं तर त्याला किती धोका' या प्रश्नाचं उत्तर या टक्केवारीत नाहीच.

ते उत्तर मिळतं आजार पसरतो कसा यातून, आणि गंमत बघा, अर्ध्या तासाच्या चर्चेत चॅनलवर तेच सगळ्यात कमी बोललं जातं. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपूर गावात हा व्हायरस सापडला, म्हणजे तसा तो आपला जुना शेजारी. पसरतो मुख्यतः सँडफ्लाय चावल्यानं. ही माशी डासापेक्षाही बारकी, मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्यात, ओलसर जागेत वाढते. माणसाकडून माणसाला हा आजार होत नाही. तेव्हा आरतीची गर्दी, दांडिया बाजारातले मंडप, ट्रेनचा डबा यांचा चांदीपुराशी संबंध नाही. नणंद मुलांना घेऊन पक्क्या घरात पाच दिवस राहणार असेल तर संध्याकाळी मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे, झोपताना बारीक जाळीची मच्छरदाणी (साध्या जाळीतून ही माशी आत येते), भिंतीत भेगा असतील तर बुजवून घेणं, एवढं पुरे. गावाकडे शेतावर मुक्कामी जायचा बेत असला तर तो यंदा सोडा. आणि मूल इथलं असो की ठाण्याचं, अचानक जोराचा ताप, उलट्या, झटके किंवा गुंगी असं काही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोनला असेल तर दोनला हॉस्पिटल गाठायचं, कारण या आजारात एक-दोन दिवसांतच सगळं होऊन जातं. खरं सांगू, मला गणपतीत चांदीपुरापेक्षा डेंग्यूची आणि विसर्जनाच्या दिवशीच्या उघड्यावरच्या पाणीपुरीची जास्त धास्ती वाटते, पण त्यांची ब्रेकिंग न्यूज होत नाही.

यंदाचे आकडे बघायचेच असतील तर रोज रात्री नाही, आठवड्यातून एकदा बघा. राज्याच्या आरोग्य खात्याचं काय म्हणणं आहे आणि एखाद्या जबाबदार पेपरचं काय, दोन्ही शेजारी ठेवून. आयडीएसपीचे, म्हणजे केंद्राच्या साथींवर लक्ष ठेवणाऱ्या कार्यक्रमाचे, साप्ताहिक रिपोर्टही नेटवर असतात, उशिरानं येतात पण कुठल्या जिल्ह्यात, किती, संशयित की पक्के, ते त्यात दिलेलं असतं. दोन आकडे जुळले नाहीत तर लगेच कोणीतरी चोर असं धरू नका, आधी बघा दोघं एकच गोष्ट मोजतायत का. आणि ग्रुपवर काही लिहायचंच असेल तर एवढंच टाका: 'क्लिप ऑगस्ट २०२४ ची आहे. ८२ मृत्यू मेंदूज्वराच्या २४५ केसेसमधले, चांदीपुराच्या पक्क्या केसेस ६४ होत्या.' पुढे काही नको, हसरे चेहरे नकोत, 'बघितलंत ना' नको, कोणाला टॅग तर अजिबात करू नका.

मुलासाठी जेवताना टीव्ही बंद, नाना चिडले तरी. तो 'मी मरणार का' विचारतो तेव्हा त्याला ३३ आणि ६४ नकोय. तुला ताप आला तर आम्ही लगेच डॉक्टरांकडे नेतो आणि रात्री मच्छरदाणीत झोपायचं, असं सांगितलं की सहा वर्षांच्या मुलाला बहुतेक वेळा पुरतं. परत विचारेल, परत सांगा.

राहिली नणंद. तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तिचं आहे आणि तुम्ही ते जाता जाता लिहिलंय. २०२१ मध्ये तिला 'एवढं काही नाही' असं सांगितलं गेलं आणि घरातलं माणूस गेलं. त्यानंतर 'एवढं काही नाहीये' हे शब्द तिच्यासाठी धोक्याची घंटा झालेत, मग ते तुम्ही कितीही प्रेमानं म्हणा. वर मी जे इतकं लिहिलं ते सगळं तिला पाठवलंत तरी ती तिकिटं काढेलच असं समजू नका. तिला आकडे कळत नाहीत असं नाही, आपली भीती परत एकदा कोणी उडवून लावेल याचा तिला धसका आहे. त्यामुळे क्लिप खोटी ठरवायला फोन करू नका. फोन करा आणि विचारा की तुला नक्की कशाची भीती वाटतेय, प्रवासाची, आजाराची, की इथं काही झालं तर डॉक्टर मिळणार नाही याची. २०२१ मध्ये बेडसाठी फिरावं लागलं असेल तर ही शेवटची भीती मोठी असते. त्यावर मात्र तुम्ही खरंच काही करू शकता, तुमचे मुलांचे डॉक्टर सणात कुठल्या दिवशी आहेत, रात्री कुठल्या हॉस्पिटलात मुलांचा डॉक्टर हजर असतो, हे आधीच विचारून तिला कळवून ठेवा. आणि तिच्या भावाला सांगा की तिच्यासमोर 'दहापट' काढू नकोस, निदान या महिन्यात.

आग्रह एकदाच करा, तोही 'ये, आणि नाही आलीस तरी मला राग नाही' असा. तुम्हाला राग असेलच थोडा, तिकिटं तिनं तुम्हाला न विचारता कॅन्सल केली, तो माझ्याकडे लिहून मोकळा केलात तेवढा पुरे. तिला नाहीच जमलं तर नवरात्रात बोलवा, मुलांना बडोद्याचा गरबा बघायला मिळेल, आणि तोवर पाऊस सरत आलेला असतो, सँडफ्लायचा सीझनही.